पऱ्हाटीची काडी

हमीदभाई, काडी उभी आहे.

सगळ्यात आधी हेच सांगायचं होतं. तुम्ही आहात तिथे बातम्या कशा पोचतात मला माहीत नाही, पण ही पोचलीच पाहिजे. बुधवारी संध्याकाळी तुम्ही त्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकापाशी काळ्या मातीच्या ओल्या गोळ्यात पऱ्हाटीची काडी रोवली आणि तिचं टोक मडगार्डच्या कडेखाली बरोबर टेकवलं. शनिवारी सकाळी मी शेडचं कुलूप काढलं तर काडी होती तशी उभी. वाकली नव्हती, मोडली नव्हती. मी फरशीवर बसून नख घालून पाहिलं, टोक आणि कडा यांच्यात नखसुद्धा शिरेना. एक रात्र टिकली की पास, हे तुमचं माप. ही तीन रात्री टिकली. मी तिथेच मांडी घालून बसले आणि एकटीच मोठ्यांदा हसले, आणि हसता हसता रडायला आलं. काहीतरी जबरदस्त जमलंय आणि ते ज्याला सांगायचं तोच माणूस नाही, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. अकोल्याला तुमच्या घरी दोन दिवस राहून आले तेव्हाही इतकं कळलं नव्हतं.

तुमची ती काडीची पद्धत मला सुरुवातीला हास्यास्पद वाटली होती. मी म्हटलं होतं, "हमीदभाई, टेपने मोजा ना. वहीत लिहून ठेवते."

"टेप सांगते, बाई, किती बसली ते. कवा बसली ते नाई सांगत," तुम्ही म्हणालात. "वाळकी पऱ्हाटी बोटभर वजनानं कट्टदिशी मोडते. आवाज आला की समजायचं, आता हवा गेली."

कापूस वेचून झाला की उरलेलं ते वाळकं झाड वऱ्हाडात चुलीपलीकडे कोणी कशाला वापरलं असेल असं मला वाटत नाही. तुम्ही ट्रॉल्यांचं वजन, टाक्यांचं कलणं, सगळं त्यावर मोजलंत. वीस वर्षं इथे अमरावतीत माझ्या वडिलांच्या स्पेअर पार्टच्या दुकानामागे शेडमध्ये तुम्ही काम केलंत आणि पुढच्या काउंटरवरून मी तुम्हाला हुकूम सोडले. उंटावरून शेळ्या हाकते म्हणून तुम्ही मला चिडवायचात. खोटं कशाला बोलू, हाकतच होते.

गाडी आली तो दिवस आठवतो का? शेड रिकामं होतं. त्या वर्षांत ट्रॅक्टर दुरुस्तीला येणंच बंद होत आलं होतं. लोक बिघडलेलं तसंच वापरायचे, नाहीतर तसंच उभं ठेवायचे. कोपऱ्यातल्या त्या निळ्या ट्रॅक्टरचा मालक दुरुस्ती होऊनही दोन वर्षं न्यायला आला नव्हता आणि त्याच्या सीटखाली चिमण्यांनी घरटं केलं होतं. नांदगाव पेठेच्या एका कापड मिलमधून तुम्हाला निरोप आला होता, हवेचे मोठे कॉम्प्रेसर सांभाळायला जाणता माणूस पाहिजे. तुम्ही मला सरळ सांगितलंत, "बाई, हात रिकामे राह्यले की विसरतात. एखादं खरं काम आलं अन् जमलं तर मी इथंच राहीन. नाई तर जातो मिलमंदी." मी वरवर म्हटलं, जा खुशाल.

आणि दुसऱ्याच आठवड्यात शेंदूरजनाघाटचे संतोषभाऊ ती अवाढव्य परदेशी गाडी घेऊन फाटकात उभे. संत्र्याचा व्यापार करणारा माणूस, त्यांनी ही जुनी गाडी मुद्दाम शोधून घेतली होती ती आईसाठी. आजींच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं, दर पंधरा दिवसांनी अमरावतीला दवाखान्यात आणायचं, आणि साध्या गाडीत प्रत्येक खड्डा त्यांच्या पाठीत घुसायचा. या गाडीला मागे लोखंडी स्प्रिंगच नव्हती. तिच्या जागी रबराचे दोन जाड फुगे, त्यात हवा, आणि हवा भरणारा छोटा पंप. आजी मागे बसल्या की पाळण्यात बसल्यासारख्या यायच्या. पण आता गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी मागून डावीकडे बसलेली असे. पंप घरघर करून उचलायचा, आणि हल्ली अर्ध्या वाटेत तोही गप्प व्हायचा. मग मागचा भाग लोखंडावर लोखंड आपटत चाले. आजी मागच्या सीटवर कुशीवर पडून होत्या. त्या इतकंच म्हणाल्या, "संतोष, आता मले आणू नको बापा. काय व्हायचं ते घरीच होऊ दे."

तुम्ही गाडीखाली वाकलात आणि मी तुमचा चेहरा पाहिला, हमीदभाई. पोरगी पाहायला गेलेल्या मुलासारखे लाजलात तुम्ही. हवेचं काम. ट्रकचे ब्रेक, ट्रॉल्यांचे ब्रेक, जन्मभर तुम्ही हवाच तर पकडत आला होतात.

आता माझी चूक. ती नीट सांगते, कारण तुम्ही असताना मी ती कधी नीट सांगितली नाही.

मी सायबर कॅफेतून पानंच्या पानं छापून आणली. सगळीकडे लिहिलेलं, या गाड्यांचा पंप जातो. मी म्हटलं, झालं, पंप बदला. तुम्ही म्हणालात, पंप गेला हे खरं, पण काहून गेला ते पाहू. मी म्हटलं, पाहत बसायला आजींना वेळ नाही. तुम्ही बोटं पुसत जे बोललात ते आता मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवते. "बाई, मोट गळकी असली की बैल मरते. तुमी नवा बैल आणून राहिल्या. मोट कोण पाहीन?"

मी ऐकलं नाही. नवा पंप मागवला, तुमच्याकडून बसवून घेतला. गाडी झोकात उभी राहिली, पेढे वाटायचेच बाकी होते. दोन दिवसांनी संतोषभाऊ परत आले. गाडी मागून बसलेली, आजी मागे, डोळे मिटलेले. आणि मी त्या दोघांसमोर काय बोलले? "हमीदभाईंनी फिटिंगमध्ये काहीतरी केलंय. ट्रॅक्टरच्या हाताला असली गाडी नाही जमत."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी नेला होता मी, आणि शिव्या बंब ओढणाऱ्याला.

तुम्ही पाना खाली ठेवलात. हात धुतलेत. खुंटीवरचा शर्ट घातलात आणि स्कूटर काढून नांदगाव पेठेच्या रस्त्याला लागलात. मी काउंटरवरून पाहत होते. मला वाटलं, गेले मिलमध्ये हो म्हणायला. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी तशीच आहे, तोंड नको तेव्हा उघडतं आणि हवं तेव्हा मिटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही शेडमध्ये हजर. कालचा विषय नाही, चेहऱ्यावर राग नाही. इतकंच म्हणालात, "बाई, साबणाचं पाणी करा. मोट पाहू."

आणि मग तो दिवस. हमीदभाई, माझ्या आयुष्यात लग्नाच्या दिवशीसुद्धा मी इतकी धावपळ केली नसेल. जॅक लावून तुम्ही गाडी मागून उचललीत, चाकं लटकली, ब्रशने फुग्याला साबणाचं पाणी लावलंत. काही नाही. जोडावर लावलं, पाइपला लावलं, काही नाही. मे महिन्याचं आपलं ऊन, पाणी लावेस्तोवर वाळायचं, बुडबुडा यायचा तरी कधी? तेव्हा मला सुचलं. हे मात्र माझं आहे, ते मी कोणाला देणार नाही. घरी मी केसांना लावायला जवस उकळून गाळलेलं चिकट पाणी ठेवते. ते आणून साबणात मिसळलं. तुम्ही बोट बुडवून ताणून पाहिलंत, लांबलचक तार आली. "वा," तुम्ही म्हणालात, "ह्याचा बुडबुडा तर उद्यापर्यंत बसन." वीस वर्षांत तुमच्याकडून मिळालेला हा पहिला वा.

तरीही काही नाही. दुपारचे दोन वाजले. तुम्ही डबा उघडलात आणि भाकरीचा घास हातात धरून त्या लटकलेल्या चाकाकडे बघत बसलात. तो घास तोंडात गेलाच नाही.

"बाई," तुम्ही म्हणालात, "आपण ट्रॉलीवाले गाढव आहो."

"मी पण?"

"तुमी पण. ट्रॉलीचं काम आलं की आधी जॅक, आधी चाक अधर. हाताले सवय. पण ह्या फुग्याले खाली घडी असते, अंगरख्याची बाही दुमडतो तशी. चाक लटकलं की घडी सुटते, रबर सरळ होते. चीर घडीत असन तर आपण तिले झाकूनच पाहून राहिलो."

मला आधी कळलंच नाही. तुम्ही तुमच्या सदऱ्याची बाही दुमडून, दुमडीवरची एक जुनी फाट दाखवलीत. बाही ओढून सरळ केली, फाट मिटली. पुन्हा दुमडली, तोंड उघडलं. मी ओरडले असेन, कारण शेजारच्या पंक्चरच्या दुकानातला माणूस डोकावून गेला.

जॅक काढला. गाडी शेडमधल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली, स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या वजनानं उभी. हवेच्या भरवशावर तुम्ही कधी कोणाला खाली जाऊ दिलं नाहीत, आधी चेसिसखाली सागाचे चार ठोकळे सरकवलेत, एकेकाला लाथ मारून पाहिलीत. मग खड्ड्यात उतरलात. डाव्या फुग्याच्या घडीत काळी माती भरून सुकली होती, शेंदूरजनाघाटच्या रस्त्यांची, पाषाणासारखी. ती तुम्ही ओल्या फडक्यानं भिजवून भिजवून सोडवलीत. नख लागू दिलं नाहीत. मग जवसाचं पाणी लावलंत आणि म्हणालात, "बाई, या इकडं. तुमीच पाहा."

मी पदर खोचला आणि त्या तेलकट खड्ड्यात उतरले. वडील गेल्यापासून मी खड्ड्यात पाय ठेवला नव्हता. तुम्ही बॅटरी धरलीत. आधी काही दिसेना. मग घडीच्या तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढा एक बुडबुडा उगवला. तो बोराएवढा झाला. मग लिंबाएवढा झाला, त्यात बॅटरीचा उजेड गोल फिरत होता, आणि तो फुटेचना. आपण दोघं म्हातारी माणसं त्या खड्ड्यात तोंड उघडं टाकून त्याच्याकडे पाहत राहिलो. तुम्ही हळूच म्हणालात, "अस्सलाम वालेकुम." बुडबुड्याला. मी इतकी मोठ्यानं हसले की दचकून बॅटरी तुमच्या हातातून पडली.

त्याच क्षणी मी म्हणायला हवं होतं, हमीदभाई, काल मी चुकले. पण मी काय म्हटलं? "बघा, माझं जवस नसतं तर." तुम्ही मान डोलावलीत आणि म्हणालात, "खरं हाये."

फुगे मी दोन मागवले, डावा आणि उजवा. तुम्हीच म्हणाला होतात की जोडीतला एक बैल म्हातारा आणि एक जवान असला की औत सरळ जात नाही. बुधवारी नागपूरहून पार्सल आलं. जुन्या फुग्यातली हवा आधी सगळी सोडून दिलीत. नायलॉनच्या पाइपचं टोक कापायला आरी घेतली नाहीत. तिरपं कापलं की जोडात गळतं, म्हणालात, आणि मला संतोषभाऊंना फोन करायला लावून गाडीच्या कप्प्यातला त्यांचा कलम बांधायचा चाकू काढलात. संत्र्याचं रोप ज्या चाकूनं एका झटक्यात कापतात त्यानं पाइप कापला, असा सरळ की मी बोट फिरवून पाहिलं. नवे फुगे बसवून त्यात आधी थोडी हवा भरलीत, घडी नीट गोल पडली का ते चाचपलंत आणि मगच गाडीचं वजन त्यांच्यावर येऊ दिलंत. "उपाशी फुग्यावर वजन टाकलं की घडी चिमटते," हे तुमचे शब्द. गाडी वर आली. दोन्हीकडून सारखी. नवा पंप एकदा गुणगुणला आणि शहाण्यासारखा थांबला.

मग काडी. तुम्ही ती माझ्यासमोर कापलीत, माती कालवलीत, रोवलीत. "मी येईस्तोवर गाडीले कोणी हात लावायचा नाई," म्हणालात. "सकाळी दोघं मिळून पाहू." आणि रोजची अकोल्याची बस पकडायला निघालात. फाटकापाशी थांबून, तिथल्या त्या मोठ्या खड्ड्याला नेहमीची शिवी घातलीत. वीस वर्षांत महापालिकेला जो अर्जानं बुजवता आला नाही तो तुम्ही शिवीनं बुजवत होतात.

गुरुवारी सकाळी तुम्ही आला नाहीत. फोन आला.

अकोल्याला मी भाभींच्या शेजारी बसून होते. बायांच्या गर्दीत. मला एकच टोचत होतं, म्हणून शेवटी तेच बोलले. म्हटलं, भाभी, मिलची नोकरी आधीच घेतली असती तर एवढी ओढाताण तरी झाली नसती, त्या दिवशी माझ्यावर रागावून ते हो म्हणायला गेले होते. भाभींनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "हो म्हणायले नाई गेले. नाई म्हणायले गेले. घरी येऊन सांगत होते, बाई आज लय घाबरली. घाबरली की ती भांडते. अशा टायमाले सोडून कसं जाऊ?"

हमीदभाई, मी तुमच्यावर खूप चिडले आहे. गाडी उभी राहिली तर राहीन, नाहीतर जाईन, अशी अट घातलीत आणि गाडी साफ बसलेली असताना, मी चारचौघांत तुमच्या हाताला नावं ठेवली त्याच दुपारी, तुम्ही राहायचं ठरवून आलात. आणि मला सांगितलं नाहीत. मी तो अख्खा आठवडा तुमच्या मिलच्या नोकरीशी मनातल्या मनात भांडत काढला. सांगितलं असतंत तर मी माफी मागितली असती का? बहुतेक नसती. चहा पाठवला असता, दोनदा. तुम्हाला ते माहीत होतं, म्हणून तुम्ही चहाचीसुद्धा वाट पाहिली नाहीत. साबणाचं पाणी मागितलंत.

आज संतोषभाऊ गाडी न्यायला आले. आठ दिवस मी गाडीला हात लावू दिला नाही, तुमचा हुकूम होता. आजी सोबत आल्या होत्या, साध्या गाडीतून, कण्हत. तुम्ही गेल्याचं ऐकून त्यांना मुद्दाम यायचं होतं. मी काउंटरच्या मागून बाहेर आले, त्या दोघांच्या समोर उभी राहिले आणि म्हटलं, "त्या दिवशी मी हमीदभाईंना बोलले ते खोटं होतं. फिटिंग बरोबर होतं. बिघाड ओळखण्यात चूक माझी होती. ते पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होते."

बोलायला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. वीस शब्द असतील नसतील. आजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याले सांगतलं का?"

"नाही सांगितलं."

"मंग मले सांगून काय होते? त्याले सांग न."

म्हणून हे. त्याला सांगते आहे. हमीदभाई, मी चुकले. मोट गळकी होती, बैल नव्हे. तुमचा हात ट्रॅक्टरचा होता आणि त्याच हाताला ही गाडी जमली, ती दुसऱ्या कोणाच्या हाताला जमली नसती. जवस माझं होतं एवढं मात्र राहू द्या.

संतोषभाऊंनी गाडी आधी काडीपासून हळूच पुढे घेतली, मग आजींना आम्ही मागच्या सीटवर बसवलं. त्या या खेपेला कुशीवर आडव्या झाल्या नाहीत, ताठ बसल्या. संतोषभाऊंनी गाडी पुन्हा सुरू केली. फाटकापाशी तो खड्डा होताच. डावं चाक पूर्ण आत गेलं, बाहेर आलं. गाडीचा मागचा भाग म्हशीनं पाण्यातून यावं तसा संथ खाली गेला आणि वर आला. आवाज नाही. खिडकीतून आजींचा हात बाहेर आला, त्यांनी तो शेडच्या दिशेनं, तुमच्या खुंटीच्या दिशेनं हलवला, आणि गाडी वळली.

आता शेड रिकामं आहे. निळा ट्रॅक्टर आहे, चिमण्या आहेत. ज्या कडेला टेकली होती ती कडा आता नाही, तरी मातीचा तो गोळा दगडासारखा वाळलाय, आणि काडी त्यात तशीच उभी आहे.